दिव्यावर घातलेलं नाव

आमच्या आत्याबाईंचा दुधावरसुद्धा विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता हे समजण्यासारखं आहे, तो कोणाचाच नसतो. पण तो दूध ओतून निघून गेला तरी आत्याबाई पातेल्याकडे बघत उभ्या राहायच्या, की आता एकटं सापडल्यावर हे दूध काय करतंय ते बघू या. भाजीवाली पाटी खाली टेकवायच्या आधीच म्हणायची, "मावशी, आज ताजी आहे हो." त्यावर आत्याबाई विचारायच्या, "म्हणजे काल शिळी दिलीस?" अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या चाळीत राजाबाई भालेराव समोरून आल्या की माणसं आधी आपलं काय चुकलं ते आठवायची आणि मग जयभीम घालायची.

सासूला आत्या म्हणायची आमच्यात रीत. मी शालन, त्यांची सून. माझं माहेर सोनिवलीचं, बदलापूरच्या पलीकडे. एक्क्याण्णव साली लग्न होऊन आले तेव्हा आईनं एवढंच सांगितलं होतं, की सासू विधवा आहे, एकुलता एक मुलगा आहे, सांभाळून घे. सांभाळून घेतलं. माहेरी निघाले की आत्याबाई म्हणायच्या, "दे तुजी पिशवी, नीट लावून देते," आणि सगळी पिशवी रिकामी करून पुन्हा भरायच्या. परत आले की तेच. जाताना इथलं काही जातंय का, आणि येताना तिथलं काही भलतंसलतं येतंय का. करणीबिरणी आमच्या घरात कोणी मानत नाही, पण संशयाला धर्म नसतो. मला राग यायचा. अजूनही लिहिताना येतो.

नवऱ्याचं नाव मी घरात घेत नाही, पण लिहिताना 'हे' आणि 'ह्यांनी' करत बसले तर वाचणाऱ्याला कोण ते कळायचं नाही. म्हणून सरळ लिहिते, हरिचंद्र. स्वभावानं आईच्या अगदी उलटा. कोणीही काहीही सांगावं आणि ह्या माणसानं मान डोलवावी. आत्याबाई म्हणायच्या, "ह्याचा बाप असाच होता, म्हणून तर असं झालं."

झालं होतं ते असं. माझे सासरे शंकरराव काडेपेटीच्या कारखान्यात कामाला होते. ते आजारानं गेले तेव्हा हरिचंद्र शाळेत होता. सासऱ्यांच्या जागी घरातल्या कोणालातरी घेणार होते. त्यांचे धाकटे भाऊ रामभाऊ येऊन बसले आणि गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, पोरगा लहान आहे. जागा हातची जायला नको. तोवर माझं नाव लागू दे, तो मोठा झाला की बघू." आत्याबाईंनी मान्य केलं. रामभाऊ नोकरीला लागले, त्यांनी बदलापूरला घर बांधलं, हरिचंद्राला मिशा फुटल्या, आणि 'बघू' म्हटलेलं कोणी काही बघितलं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आत्याबाई त्यानंतर माठातलं पाणीसुद्धा फुंकून प्यायल्या.

तेव्हापासून त्यांनी घरातल्या वस्तूंवर नावं घालायला सुरुवात केली. भांड्यांवर नाव सगळेच घालतात. लग्नात आलेल्या ताटावर देणाऱ्याचं नाव असतं, पंगतीला दिलेलं पातेलं नावावरूनच परत मिळतं. पण आमच्या घरात चमच्यावर नाव, चिमट्यावर नाव, पितळी कुलपावर नाव, आणि लाटण्यावर खिळा तापवून नाव. शेजारच्या वेणूबाई म्हणायच्या, "शालन, रात्री तोंडावर पदर घेऊन झोप गं. कपाळावर घालतील." मी हसायचे, पण खरं सांगायचं तर पदर घेऊनच झोपायचे.

घर चालायचं ते घरबसल्या मिळणाऱ्या कामावर. शहाडच्या एका छोट्या कारखान्यातून प्लास्टिकचे कंगवे यायचे. साच्यातून निघालेल्या कंगव्याच्या कडेला जास्तीचं प्लास्टिक राहतं, ते घासून काढायचं. त्याच कामावर आत्याबाईंनी मुलाला वाढवलं. मी आल्यावर मलाही बसवलं, आणि मी घासलेला प्रत्येक कंगवा स्वतःच्या दंडावरून फिरवून बघायच्या, खरवडतो का. मी भाकऱ्या थापायला बसले की समोर बसून माझ्या हातांवर नजर ठेवायच्या.

शहाण्णव साली हरिचंद्राला उल्हासनगरात ड्रायव्हरची नोकरी लागली. कॅम्प चारला हसानंद सेठ म्हणून एक सिंधी व्यापारी होते, फर्निचरचं दुकान. त्यांच्या भावानं सिंगापूरहून येताना आपली जपानी गाडी आणली होती आणि ती सेठना दिली होती. उल्हासनगरच्या मालाकडे सगळं जग संशयानं बघतं, आणि त्या जगाकडे हसानंद सेठ संशयानं बघायचे. गिऱ्हाईक टेबलावर टकटक करून "असली सागवान है ना?" विचारायचं, तेव्हा सेठ म्हणायचे, "तेरा नोट असली है ना?" लहानपणी ते आईबापांबरोबर पाकिस्तानातून इथल्या छावणीत आले. निघताना वडिलांनी घराच्या किल्ल्या शेजाऱ्याकडे दिल्या होत्या, परत येऊ म्हणून. ही गोष्ट सेठनी हरिचंद्राला गाडीत सांगितली आणि वर विचारलं, "तू गाडी की चाबी किसको देता है?" शेरास सव्वाशेर भेटावा तसे सेठ आणि आत्याबाई, फक्त अजून एकमेकांना भेटले नव्हते.

नोकरी चांगली होती. दोन वर्षं गेली आणि गाडीचे पुढचे दिवे पिवळे पडले.

आपल्याकडच्या गाड्यांच्या दिव्यांना तेव्हा काच असायची. ह्या गाडीचे दिवे प्लास्टिकचे. आधी सिंगापूरचं ऊन, मग उल्हासनगरचं. हळूहळू त्यांच्यावर म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांवर येतो तसा पडदा आला. आत बल्ब जळायचा, पण बाहेर उजेड येईचना. एकदा दिवस मावळताना बदलापूर रस्त्यावर समोरची म्हैस हरिचंद्राला दिसलीच नाही. म्हैस वाचली, गाडी वाचली, पण सेठ मागे बसले होते आणि त्यांचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकशी केली. असा दिवा इथं कुठं मिळत नव्हता, परदेशातून मागवावा लागणार होता. सेठ म्हणाले, "अंधी गाडी रखके क्या करू? बेच देता हूँ. नवी छोटी गाडी घेतो, भतीजा चलाएगा. तू दुसरीकडे बघ हरि."

म्हणजे गाडी गेली की नोकरी गेली. हरिचंद्र घाबरून बोलून गेला, "सेठ, थोडी मुदत द्या. मी दिवे घरी नेऊन साफ करतो." सेठनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि दिवे खोलायला परवानगी दिली.

तर असे ते दोन दिवे आमच्या घरी आले, गोधडीत गुंडाळून. आत्याबाईंनी ते मांडीवर घेऊन उलटेसुलटे पाहिले.

"देताना सेठ काय म्हणाला?"

"काही नाही. 'संभाल के' म्हणाला."

"आन् काय?"

"काही नाही आई."

"काय नाय? एवढी महागाची वस्तू ड्रायव्हरच्या हातात दिली आन् काय बोलला नाय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी सेठला सामील आहे. "मंग हेच्यात कायतरी हाय. उद्या म्हनंल, माजे दिवे बदलले, तू चोर हाय. नोकरी बी गेली आन् नाव बी गेलं. एकदा फसले ती फसले."

हरिचंद्र म्हणाला, "सेठ तसा नाही गं."

"रामभाऊ बी तसा नव्हता."

ह्या वाक्यापुढे आमच्या घरात कोणाचं काही चालायचं नाही. आत्याबाईंनी दिवे पुन्हा गोधडीत बांधले आणि मला घेऊन बाजारात भांड्यांच्या दुकानापाशी गेल्या. तिथं बाहेर स्टूल टाकून एकजण बसायचा, विजेच्या सुईनं भांड्यांवर नावं घालणारा. त्याच्यापुढे त्यांनी गाडीचे दिवे ठेवले. तो म्हणाला, "मावशी, हे भांडं नाही." त्या म्हणाल्या, "तुला काय करायचंय? घाल." दर्शनी बाजूला नको, मागच्या काळ्या कडेवर घाल म्हणाल्या. त्यानं टर्रटर्र करत दोन्ही दिव्यांच्या पाठीवर घातलं, 'हरिचंद्र शं. भालेराव, अंबरनाथ'.

मी रस्त्यात म्हटलं, "आत्या, दिवे सेठचे, आणि नाव आपलं?"

"नाव म्हंजे खूण. खूण असली की कुनी म्हनू शकत नाय का बदललं म्हनून."

मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते सांगता येईना. त्यांच्यापुढे उभं राहिलं की माझं बरोबर असलं तरी मला चूक वाटायचं.

आता घासायचं कशानं? विठ्ठलवाडीच्या एका गॅरेजवाल्यानं हरिचंद्राला सांगितलं होतं, थिनर लाव, एका हातात चकचकीत. थिनरची बाटलीही फुकट दिली होती. फुकट म्हटल्यावर आत्याबाईंनी बाटली दाराबाहेर ठेवायला लावली. मग मिठाईच्या पारदर्शक डब्याचं एक झाकण आणून त्यावर थिनरचे दोन थेंब टाकले. बघता बघता झाकण पांढरं झालं आणि त्याला भेगा पडल्या. हरिचंद्राचा चेहरा त्या झाकणासारखाच झाला. आत्याबाईंनी ते झाकण फळीवर ठेवून दिलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. मान्य करायला पाहिजे, त्यांचा संशय कधीकधी खरा ठरायचा. तोच तर त्रास होता.

शेवटी सेठच्याच दुकानात लाकूड घासायला वापरतात तो वॉटर पेपर आणला. खरखरीत, त्याहून मऊ, आणि अगदी रेशमासारखा. पाण्यात भिजवून घासायचं. आणि शेवटच्या हातासाठी मी सुचवलं पांढरं दंतमंजन. माझ्या घड्याळाच्या प्लास्टिकवरचे चरे मी त्यानं घालवले होते. आत्याबाईंनी आधी माझं घड्याळ मागून घेतलं, खिडकीशी नेऊन पाहिलं, कानाला लावलं, आणि मग म्हणाल्या, "बघू." त्या शब्दावर त्यांचा राग होता, तरी माझ्यासाठी तोच वापरला.

एक गोष्ट त्यांनी पक्की केली. आधी एकच दिवा. दुसऱ्याला हात लावायचा नाही. बिघडला तर एकच बिघडेल, आणि चांगला झाला तर सेठला आधी एक दाखवायचा, तो हो म्हणाला की दुसरा.

दिव्याच्या मागच्या भोकांत कापड कोंबून, आत पाणी जाणार नाही असं करून, आत्याबाई मोरीत पाटावर बसल्या. हरिचंद्राला हात लावू दिला नाही. खरखरीत कागदानं घासायला लागल्यावर पिवळट पाणी वाहायला लागलं, आणि दिवा साफ व्हायच्या ऐवजी ताकासारखा पांढरा झाला. आरपार काहीच दिसेना. हरिचंद्र म्हणाला, "गेलं. संपलं," आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.  आत्याबाई मात्र दात आवळून घासत राहिल्या. मग मऊ कागद, मग त्याहून मऊ. मग जुन्या बनियनच्या तुकड्यावर दंतमंजन घेऊन गोल गोल, कंगवे घासून घट्टे पडलेल्या बोटांनी. मी वरून पाणी ओतलं आणि दिव्याच्या आतली चांदी लख्ख दिसली. मी ओरडलेच. हरिचंद्र धावत आला. त्याचे डोळे भरून आले होते.

आत्याबाई म्हणाल्या, "वल्ला हाय म्हनून दिसतंय. सुकू दे."

सुकला. तरी तसाच राहिला. तरी त्या संध्याकाळपर्यंत चारदा जाऊन बघून आल्या.

दुसऱ्या दिवशी हरिचंद्र, फरक दिसावा म्हणून दोन्ही दिवे घेऊन, शीळ घालत कामावर गेला. दुपारच्या आधीच परत आला. हातात काही नव्हतं. पाणीही न पिता भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "सेठ म्हणतो, मी दिवा चोरला."

तुकड्यातुकड्यांनी त्यानं सांगितलं ते असं. दिवे घरी द्यायच्या आदल्या दिवशीच सेठनी, कोणाला न सांगता, अंगठीच्या खड्यानं दोन्ही दिव्यांच्या खालच्या कोपऱ्यात बारीकशी फुली मारून ठेवली होती. त्यांची खूण. दिवे परत आल्यावर त्यांनी आधी कोपरा बघितला. पिवळ्या दिव्यावर फुली होती. साफ केलेल्यावर नव्हती. मग दिवा उलटा केला, तर पाठीवर हरिचंद्राचं नाव! सेठ म्हणाले, "मेरा निशान गायब, तेरा नाव हाजिर. नाव ज्याचं, माल त्याचा. हा तुझा दिवा आहे, माझा कुठं आहे? किसको बेचा? और दूसरे पे भी नाम डाल दिया, तो भी हडप करणार होतास?" हरिचंद्रानं सांगून पाहिलं, पण हा माणूस आधीच बोलताना अडखळणारा, त्यात घाबरलेला. जेवढं सांगितलं तेवढा जास्त चोर दिसला. सेठनी निकाल दिला, "दिवा आणून दे, नाही तर उद्यापासून येऊ नको. और पूरे मार्केट को बताऊंगा क्यों निकाला."

नोकरी एक गेली तर दुसरी मिळते. पण 'गाडीचा दिवा विकणारा ड्रायव्हर' म्हणून नाव झालं तर कोण चावी हातात देणार? मला आत्याबाईंचा असा संताप आला, की मी पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "तुमच्या त्या नावानं झालं हे! कशाला घातलंत?"

 त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. थोड्या वेळानं उठल्या, धुतलेलं लुगडं नेसल्या, पिशवीत वॉटर पेपर, दंतमंजन आणि बनियनचा तुकडा टाकला आणि म्हणाल्या, "चल शालन. तू बी चल, साक्षीला."

सेठचं घर दुकानाच्या मागेच होतं, पुढे फरशीचं अंगण. सेठ लुंगीवर, खुर्चीत बसलेले. जाडे, गोरे, चष्मा कपाळावर चढवलेला. समोर जमिनीवर दोन्ही दिवे ठेवले होते, एक लख्ख, एक पिवळा. पुराव्याला ठेवतात तसे. आम्हाला बघून ते म्हणाले, "माताजी, हरिनं तुम्हाला कशाला पाठवलं? रडून काही नाही होणार."

"रडाया नाय आले," आत्याबाई म्हणाल्या. "ह्यो पिवळा दिवा तुमचा हाय ना?"

"हां. ह्याच्यावर मेरा निशान आहे."

"मंग तुमचाच दिवा तुमच्यासमोर घासते. बघा काय व्हतंय ते."

सेठनी विचार केला. त्यातही त्यांना काहीतरी डाव दिसत असावा, कारण त्यांनी आधी आमची पिशवी मागितली. एक एक वस्तू बाहेर काढून पाहिली, दंतमंजनाचा डबा उघडून वास घेतला, कागद उजेडात धरले. मग पिशवी परत भरून दिली. माझ्या मनात आलं, ही पिशवी लावून देण्याची तऱ्हा माझ्या चांगल्या ओळखीची आहे. आत्याबाईंच्या मनात काय आलं कोण जाणे. त्या खाली बघत होत्या.

सेठनी आतून पाणी मागवलं. आत्याबाईंनी पेला हातात घेतला आणि न पिता बाजूला ठेवला. सेठच्या ते लक्षात आलं. त्यांनी खुर्ची ओढून अगदी जवळ आणली, चष्मा खाली घेतला आणि आत्याबाईंच्या हातांवर नजर लावून बसले.

आत्याबाई घासायला लागल्या. मोरीत त्या दात आवळून घासत होत्या तेव्हा त्यांचा हात यंत्रासारखा चालत होता. इथं तो अडखळायला लागला. कागद निसटला, परत घेतला. पाणी सांडलं. सेठची नजर हलत नव्हती. हात पिशवीकडे गेला की नजर पिशवीकडे, हात पदराला लागला की नजर पदराकडे. आत्याबाईंची बोटं कापायला लागली. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, कळू दे एकदा. पण घाम त्यांच्या हनुवटीवरून दिव्यावर ठिबकायला लागला आणि त्यांना तो पुसायचीही चोरी झाली, तेव्हा मला ते बघवेना. मी खाली बसले आणि माझ्या पदरानं त्यांचा घाम पुसला. सेठनी माझ्या पदराकडेही नीट बघून घेतलं.

घासत घासत त्या कोपऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. सगळा दिवा पांढुरका झाला होता, फक्त कोपऱ्यातला पिवळा तुकडा आणि त्यातली फुली राहिली होती.

"सेठ," त्या म्हणाल्या, "हितं तुमची खूण हाय. घासली तर जाईल. पयल्या दिव्याची अशीच गेली, आमाला ठावं बी नव्हतं. ठेवायची आसंल तर ठेवते. पन तेवढं पिवळं राहील."

सेठ पुढे वाकले. फुलीवर बोट ठेवलं. मग लख्ख दिव्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्या माणसाला किती जड जात होतं ते आम्हाला समोर दिसत होतं. खूण गेल्यावर हा दिवा आपला कशावरून म्हणायचा? पाठीवर नाव तर भालेरावांचं.  मग त्यांनी बोट उचललं आणि ते मागे टेकले.

"घालव," ते म्हणाले.

फुली गेली. त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. मऊ कागद झाला, दंतमंजन झालं, मी पाणी ओतलं. दुसरा दिवा पहिल्याइतका सफाईदार नाही झाला, घाबऱ्या हाताचे दोन-चार पट्टे त्यात राहिले, पण आरपार दिसत होतं. सेठनी दोन्ही दिवे शेजारी शेजारी धरून पाहिले. मग विचारलं, "कितना दिन टिकेगा? गॅरंटी?"

मी डोळ्यांनी खुणावत होते, सांगा, वर्षभर सांगा, दोन वर्षं सांगा. नोकरी त्या उत्तरावर लटकली होती.

"गॅरंटी नाय," आत्याबाई म्हणाल्या. "जे एकदा पिवळं पडलं ते परत पडनार. उनाचा काय भरवसा, आन् माज्या घासन्याचा तरी काय? परत पडलं तर परत घासावं लागंल."

मी कपाळावर हात मारून घेतला. सेठ मात्र हसायलाच लागले. पोट हलेपर्यंत हसले. "चालीस साल मार्केट में बैठा हूँ," ते म्हणाले, "माल टिकणार नाही म्हणून सांगणारा पहिला माणूस बघतोय." मग आत हाक मारून हरिचंद्राला निरोप पाठवायला सांगितलं, दिवे बसवायला आजच ये. आत्याबाईंकडे वळून म्हणाले, "माताजी, गाडी नहीं बेचता. तुझा मुलगा माझ्याकडेच राहील. पानी तो पी."

आत्याबाईंनी पेला उचलला. एकदा आत बघितलंच. पण प्यायल्या, सगळा.

परत येताना शेअर रिक्षात मागच्या सीटवर आम्ही दोघीच होतो. मला वाटलं होतं त्या खूश असतील. पोराची नोकरी राहिली, नाव राहिलं. पण त्या आपले हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या. बोटांच्या चिरांमध्ये दंतमंजन सुकून बसलं होतं.

"शालन," त्या हळू म्हणाल्या, "आपल्या हाताकडं आसं कुनी बघत बसलं ना, की हात आपला राहत नाय गं. कापत व्हता माजा. तुला दिसला?"

"दिसला. मला माहीत आहे ते, आत्या," मी म्हटलं. म्हणायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. "लग्न झाल्यापासून माहीत आहे."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. खरं बोलतेय का खोटं, ते बघायला आधी. मग नजर काढून घेतली आणि बाहेर बघत राहिल्या. रिक्षा अंबरनाथच्या हद्दीत आली, बाजार आला, आमची गल्ली जवळ आली. आता ह्या विषयावर कधीच बोलणार नाहीत असं मी धरून चालले.

"मंग इतकी वर्सं," त्यांनी बाहेरच बघत विचारलं, "तू भाकऱ्या कशा थापल्यास?"

"जाड व्हायच्या, आत्या," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणायचात."